विहिरीचा काठ

मृगाचा पाऊस लागून आठ दिवस झाले. आज सकाळी रहाटावरून कळशी ओढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि हात थबकला. पाणी तांबूस, वासही कुबट. आई म्हणाली, "पहिल्या पावसात होतंच असं. दोन दिवसांत निवळेल."

इतकी वर्षं मीही हेच म्हणत आलो. पण गेल्या वर्षी याच दिवसांत धाकट्याला जुलाब लागले होते, ते आठवलं. वाकून पाहिलं, तर काठाच्या चिऱ्यांमधला सांधा उखडलेला आणि पागोळ्यांचं पाणी तिथूनच आत उतरतंय. आपला कोकणातला जांभा सच्छिद्र. वरची घाण झऱ्याला मिळायला वेळ लागत नाही.

दुपारी सांधा सिमेंटने बुजवला, पन्हळ लावून पाणी लांब काढलं. गाळ बसला की ब्लीचिंग पावडर टाकायची: हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर फक्त वरची निवळी. मग नमुना तपासणीला. 100 मिलीलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू एकही नसावा, असं भारतीय मानक सांगतं. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच.

या विहिरीने आमच्या तीन पिढ्यांची तहान भागवली. आम्ही मात्र उन्हाळ्यात तळ दिसला, तरच तिच्यात वाकून पाहिलं. नितळ दिसणारं पाणी शुद्ध असतंच असं नाही. पावसाआधी विहिरीचा काठ बघा, पावसानंतर पाणी तपासून घ्या.