मनगट

लोहगडाला किती वेळ लागेल, हे मी आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं. 1892 साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने यासाठी एक ठोकताळा दिलाय: सपाटीवर ताशी साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जास्तीचा. मी शीट बनवली, त्यात लहान मुलं म्हणून थोडा बफर टाकला आणि फॅमिली ग्रुपवर पाठवून दिली. ताईने अंगठा दाखवला. बाबांनी उघडलीच नाही.

नेस्मिथसाहेब बहुतेक नातवंडांना घेऊन कधी चढले नसावेत. आठ वर्षांचा भाचा, पाच वर्षांची भाची आणि त्यांचे साठीचे आजोबा या टीमचा वेग कुठल्याच सूत्रात बसत नाही. गणेश दरवाजाच्या खालच्या पायऱ्यांवर एक किडा उलटा पडलेला दिसला, त्याला सरळ करण्यात आमची अकरा मिनिटं गेली. मी घड्याळ लावून मोजली, हे कबूल करायला आता जरा लाज वाटते.

बाबा रिटायर होऊन दीड वर्ष झालंय. तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार ते नातवंडांना घेऊन बाहेर पडतात. पर्वती झाली, वेताळ टेकडी झाली, दुर्गा टेकडी तर कितीदा. लोहगड हा त्यांच्या मानाने मोठा, म्हणून मला सोबत घेतलेलं. माझा हुद्दा हमाल. तीन बाटल्या पाणी, भाचीचे जास्तीचे कपडे, ग्लुकोजची बिस्किटं आणि पोळीचे रोल माझ्या सॅकमध्ये.

मी म्हणत होतो कारने जाऊ, लोहगडवाडीपर्यंत रस्ता आहे. बाबांनी ऐकलं नाही. "लोकल म्हणजे त्यांची निम्मी ट्रिप असते," म्हणाले. खरंच होतं ते. चिंचवडला बसल्यापासून भाचा स्टेशनं मोजत होता. आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. नऊ. भाची प्रत्येक स्टेशनवर "आलं?" विचारायची आणि बाबा न कंटाळता "अजून नाही, राणी" म्हणायचे. फक्त बेगडेवाडी-घोरावाडीच्या दरम्यान भाच्याने खिडकीतून तो डोंगर दाखवला आणि विचारलं, "आजोबा, तिथे जाता येतं?" तेव्हा बाबा नेमके पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करण्यात गुंतले होते.

मळवलीहून रिक्षा केली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली, पायऱ्या अजून ओलसर. लोहगड खरं तर सोपा गड. हजार मीटरच्या थोडा वर असला तरी पायथ्याचं गावच इतक्या उंचावर आहे की उरतात त्या पायऱ्या. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून रविवारची गर्दी मात्र विचारू नका. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकावर एक चार दरवाजे आहेत, आणि लहान मुलांसाठी याहून चांगली रचना कुणी मुद्दाम करूनही जमली नसती. "आता फक्त पुढच्या दरवाजापर्यंत" एवढंच सांगायचं. प्रत्येक दरवाजात एक बिस्किट. मी ऑफिसात दोन आठवड्यांचे स्प्रिंट चालवतो, तिथे हे इतकं चोख चालत नाही.

बाबा छान गोष्टी सांगत होते. दाराला लोखंडी खिळे कशाला, वाट अशी वळत वळत का नेलीय, वरून दगड टाकले तर खालचा माणूस कुठे लपेल. भाचा प्रश्नावर प्रश्न विचारत होता आणि मी दोन पायऱ्या मागे सॅक घेऊन चालत होतो. माझ्या पोटात काहीतरी आंबट होत होतं. त्याला सरळ शब्द हेवा. आठ वर्षांच्या पोराचा हेवा.

कारण हे बाबा माझ्या ओळखीचे नव्हते. माझे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्या करायचे. माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे बंद खोलीचं दार आणि आईचं बोटावर बोट, "हळू बोल, झोपलेत." दिवाळीत बिल्डिंगमधल्या पोरांचे बाबा खाली उतरून किल्ल्याला माती लावायचे. आमचा किल्ला आई, ताई आणि मी करायचो आणि तो दरवर्षी एका बाजूने खचायचा. मी पहिला खराखुरा गड पाहिला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मित्रांबरोबर. याबद्दल मी कधी कुणाला काही बोललो नाही. बाबांनी त्या पाळ्यांवरच माझी फी भरली. तक्रार करायला तोंड कुठे होतं?

वर पोचलो तेव्हा माझ्या शीटप्रमाणे आम्ही दीड तास लेट होतो. सोळा कोनी तळ्यापाशी भाच्याला कोन मोजायचे होते. बाबांनी दोघांना धरलं आणि कडेपासून चांगलं चार हात लांब उभं करून मोजायला लावलं. तेव्हा दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. एक म्हणजे बाबा मुलांचा हात धरत नव्हते, मनगट धरत होते. हात निसटतो, मनगट निसटत नाही. दुसरं, आम्ही बसून रोल खाल्ले तेव्हाही बाबा उभेच होते. मी दोनदा म्हटलं, बसा. "बरंय," म्हणाले, आणि उभ्यानेच खाल्लं. नजर मुलांवर.

विंचूकाट्याकडे जायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. भाचा रुसला. लांबून तो डोंगराचा शेपटासारखा सोंडा दिसतो, त्यावरून माणसं मुंग्यांसारखी चाललेली दिसतात, कुणाला जावंसं वाटणार नाही? मी म्हटलं, मी नेतो त्याला. "नाही," बाबा म्हणाले. त्या सुरात असं काही होतं की मी पुढे बोललो नाही.

उतरताना बाबा पायऱ्यांवर आडवे होऊन एकेक पाय टाकत होते. आधी वाटलं भाचीसाठी. हनुमान दरवाजाखाली पँट जराशी वर सरकली, तेव्हा गुडघ्यापासून खाली आलेला क्रेप बँडेजचा शेवट दिसला. म्हणजे घरूनच बांधून आले होते. मी शेवटी भाचीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही कसेबसे लोहगडवाडीत पोचलो. एका घराच्या ओसरीवर पिठलं-भाकरी सांगितली. मुलं समोरच अंगणात कोंबडीच्या पिल्लांमागे.

भाचा मध्येच धावत आला आणि म्हणाला, "आजोबा, मामा लहान होता तेव्हा त्याला पण असंच न्यायचात?"

"नाही रे," मीच उत्तर दिलं. "तेव्हा आजोबांना वेळ नसायचा." मी हसून बोललो होतो. पण आवाज ऐकू आला तसा मलाच तो बरा वाटला नाही. भाचा पिल्लांकडे परत पळाला.

बाबा बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "नेलं होतं एकदा. घोरावडेश्वरला."

मला काहीच आठवत नव्हतं. आठवणार कसं, मी तीन वर्षांचा होतो. ताई आठ वर्षांची. बाबा नाइट करून सकाळी घरी आले, आई माहेरी गेलेली, पोरं घरात कंटाळलेली म्हणून तसेच आम्हाला घेऊन निघाले. वर लेण्यांपाशी सावलीत टेकले. ताईला म्हणाले, याच्याकडे बघ, मी पाच मिनिटं पाठ टेकतो.

"जाग आली तर ताई रडत होती आणि तू नव्हतास."

तिथे कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. बाबा सगळ्यात आधी त्यातच वाकून बघत सुटले. मी सापडलो तो पलीकडच्या टाक्याच्या काठावर, पाय आत सोडून, पाण्यात खडे टाकत. हाक मारली तर दचकेन म्हणून त्यांनी हाकही मारली नाही. चप्पल काढून मागून आले आणि मनगट धरलं.

"किती वेळ झोपलो होतो, कळलं नाही कधी," ते म्हणाले. "पाळ्या चालू होत्या तोवर मला माझ्या झोपेचा भरवसा नव्हता. मग नकोच म्हटलं."

पिठलं आलं. मुलांना हाक मारली, हात धुतले. बाबांनी भाकरी कुस्करून भाचीला भरवायला घेतली. मी मिरचीचा ठेचा जरा जास्तच वाढून घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण राहील.

परतीच्या लोकलमध्ये दोन्ही मुलं झोपली, एक माझ्या मांडीवर, एक बाबांच्या. तळेगाव सुटल्यावर मी ताईला मेसेज टाकला, "घोरावडेश्वर. तुला आठवतं?" दोन निळ्या टिका लगेच आल्या. टायपिंग दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं.

"मी फक्त फुलपाखरू बघायला गेले होते रे," तिने लिहिलं. मग खाली, "बाबांनी सांगितलं?"

"हो."

"त्यांनी मला कधी एका शब्दाने बोललं नाही. आईलाही सांगितलं नाही."

गाडी घोरावाडीला थांबली. मी बाबांकडे पाहिलं. ते या वेळी बाहेर बघत होते. अंधार पडल्यामुळे डोंगर दिसत नव्हता, काचेत फक्त आमच्याच डब्यातले दिवे. त्यांच्या हातात भाचीचं झोपेतलं मनगट होतं.

"त्यांच्या गुडघ्याला बँडेज होतं," मी ताईला लिहिलं. "नी-कॅप मागवतोय. साइज काय असेल?"

"एल," तिचं उत्तर आलं. "दोन मागव. दुसराही दुखतो, सांगत नाहीत."