मोत्याचे गाव

मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या माणसाला पनवेल आठवते, पेण आठवते, आणि वडखळचा नाका तर विसरू म्हटले तरी विसरत नाही. त्यापुढे त्याच्या आठवणीत एकदम माणगाव नाही तर महाडच येते. मधल्या गावांची नावे एस.टी.च्या कंडक्टरला आणि त्या गावांत जन्मलेल्यांनाच ठाऊक. नागोठणे आणि कोलाड यांच्या मधले खांब हे असेच एक गाव. रोहे तालुक्यातले, ऐन महामार्गावरचे. खांब आणि थांब यांचे इतके सुरेख यमक जुळत असूनही तेथे थांबतो कोण?

आम्ही गेल्या पौषात मुद्दाम थांबलो. चांगले दोन दिवस राहिलो. आम्ही म्हणजे मी, आमची सौभाग्यवती आणि मोत्या. मोत्या हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी. आणि ते गाव म्हणजे हेच खांब!

त्याची हकीकत अशी. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतचा ८४ किलोमीटरचा रस्ता चौपदरी करण्याचे काम २०११ साली निघाले आणि मग वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या खोदाखोदीत अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी आमची बस खांबजवळ दोन तास अडकून पडली. चहाच्या टपरीखाली एक पिल्लू धुळीने माखून निजले होते. रस्त्याच्या यंत्राखाली त्याची आई आदल्याच दिवशी गेली, असे चहावाला म्हणाला. बस हलली तेव्हा हिच्या भाजीच्या पिशवीतून दोन कान बाहेर आले होते. मी काही बोललो नाही. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार अडवून धरले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. घरात कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

आता मोत्या म्हातारा झाला आहे. मागचे पाय धरतात. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिवसातून तीनदा त्याला उचलून खाली न्यायचे आणि वर आणायचे, यात माझी कंबर आणि त्याचा अभिमान दोन्ही दुखावतात. अशात खांबकडच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले: “सर, आमच्याकडे मोठं अंगण आहे. मोत्या इथं सुखानं राहील. पोपटीला या आणि बघा.” पत्र वाचून ही बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अहो, बघून तर येऊ.”

माझा मेहुणा अमेरिकेत ॲरिझोनाला असतो. तिकडे थंडीच्या दिवसांत नवरा, बायको आणि कुत्रा असे त्रिकूट मोटारीने वाळवंटातून शेकडो मैल भटकते, आणि वाटेवरच्या पुष्कळ विश्रामगृहांत कुत्र्यालाही जागा मिळते, असे तो सांगतो. आमचा अनुभव निराळा. वाटेत एक मुक्काम करावा म्हणून तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी “कुत्रं?” एवढेच विचारून फोन ठेवला. तिसरा उदार निघाला. म्हणाला, “बाहेर बांधून ठेवा.” तेव्हा मुक्काम थेट विद्यार्थ्याकडेच ठरला.

कुत्र्याला घेऊन निघाले की प्रवासाची चाल बदलते, हे मात्र सांगितले पाहिजे. दर तासाला थांबावेच लागते, आणि थांबले की दिसते. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका एरवी गाडीच्या काचेतून क्षणभर चमकून जातो. या खेपेला रस्त्याकडेला उभे राहून तो पोटभर पाहिला. पेणला पोहे आणि पापड घेतले. गणपतीच्या कारखान्यांत ऐन जानेवारीत मूर्तींच्या रांगा लागलेल्या होत्या. रंग नाही, डोळे नाहीत, सगळे पांढरेशुभ्र. पेणकरांचा भाद्रपद बारा महिन्यांचा असतो. हिने मोत्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. देवाच्या दारी भलतेच काही व्हायला नको!

नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड ओलांडली की आंबा नदीचा मुलूख संपतो आणि कुंडलिकेचा सुरू होतो. येथे हिवाळ्याची मोठी मौज आहे. भात कापून झालेली शेते पिवळी, कोरडी पडलेली असतात. उन्हात पाहिली तर वाळवंटाचाच भास व्हावा. पण मध्येच एखादा पट्टा हिरवागार! हे पाणी कोठले, तर थेट घाटावरचे. मुळशीचे पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेला मिळणारे. टाटांनी ते धरण बांधून अडवले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनी खाली सोडून १९२७ साली भिऱ्याला वीज काढली. त्या धरणात ज्यांची घरेदारे बुडणार होती त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत उतरते. डोलवहालच्या बंधाऱ्याने ते अडवून कालव्यांतून शेतांकडे वळवले आहे. पाणी पोचेल तेथे उन्हाळी भाताची लावणी, न पोचेल तेथे जमिनीतल्या ओलीवर वाल. कोणाचे बुडालेले गाव कोणाचे हिरवे शेत होते, हे त्या बांधावर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

आणि वाल आले की पोपटी आली. पक्ष्याशी हिचा काही संबंध नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडके शेतात उपडे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा टिपूस नाही. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चर्रकन उडून गेले की झाले. त्या पाल्याचा उग्र वास शेंगांत असा मुरतो की शहरातल्या कोणत्याही शेगडीवर ती चव साधायची नाही.

रात्री जाळाभोवती आम्ही बसलो. मोत्या मात्र बसेना. दुपारपासून त्याची परीक्षा चालली होती. गावच्या कुत्र्यांनी येऊन त्याला हुंगले, गुरगुरले आणि परके ठरवून निघून गेले. जन्मगावी असे स्वागत झाल्यावर तो लंगडत गाडीपाशी गेला आणि चाकाला टेकून पडला. अंगणातली गोणपाटाची गादी तशीच राहिली.

विद्यार्थ्याच्या आजी हे सारे पाहत होत्या. शेंगा सोलता सोलता हिला म्हणाल्या, “बाई, न्या त्याला परत.”

“का हो आजी? इथं मोकळं आहे. जिना नाही.”

“जिना नाय, पण रस्ता हाय ना! तुमी गेलात का हा जाऊन बसंल रस्त्यावर, तुमची वाट बघत. पयले गाड्या धीम्या जायच्या, कुत्रं दिसायचं. आता कोण थांबतो?”

कोणीच काही बोलले नाही. महामार्गावरून एकामागून एक ट्रक जात होते. त्यांचा उजेड मोत्याच्या अंगावरून सरकत होता. अकरा वर्षांपूर्वी चहावाल्याने सांगितलेली गोष्ट मला आठवली, हिलाही आठवली असावी. ती उठली, पानातला बटाटा सोलून त्याच्याजवळ घेऊन गेली आणि जाळ विझेपर्यंत तेथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कोलाडवरून रोह्याला गेलो, कुंडलिकेचा काठ पाहिला आणि कडव्या वालांची पायली घेऊन परत फिरलो. वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर शेंगा भरल्यावर, पौष-माघात जावे, आणि कोणी ओळखीचे गाठावे. कारण पोपटी ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, बोलावण्याने खाण्याची आहे.

घरी पोचायला रात्र झाली. जिन्याशी मी मोत्याचे मागचे पाय धरले, हिने पुढचे. पहिल्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो तेव्हा ही म्हणाली, “तळमजल्यावरची जागा कुठं भाड्यानं मिळते का, ते जरा बघा ना.”

मोत्याच्या अंगाला अजून भांबुर्ड्याचा वास येत होता.