पोवळ्याचे बिऱ्हाड

पोवळे म्हणजे मंगळाच्या शांतीसाठी बोटात घालायचा खडा, एवढेच माझे सत्तर वर्षांचे ज्ञान! त्याची भावंडे जिवंत असतात, फुलतात, हे मला हिच्या मागे न्यू जर्सीला मुलाकडे राहायला आल्यावर कळले. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भली मोठी काचपेटी आहे. पुण्यात हा छंद जमणारा नव्हता. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना कायद्याने वाघाच्याच पंक्तीला बसवले आहे.

परवा त्याने लिंबाएवढे एक नवे प्रवाळ आणले. दुकानदाराने चिठ्ठीवर नाव लिहिले होते, ‘गोनिओपोरा’. तासाभराने त्यातून लांब देठांची फुले बाहेर आली. चिरंजिवांनी नातीच्या हाती भिंग दिले.

“एका फुलाच्या पाकळ्या मोज. चोवीस हव्यात.”

तिने तीनदा मोजल्या. “बाबा, बाराच आहेत!”

म्हणजे हा गोनिओपोरा नव्हेच. त्याचा सारखा दिसणारा दुसरा, अल्विओपोरा. चिठ्ठी केराच्या टोपलीत गेली.

आता याला बसवायचे कुठे? मी म्हणालो, “वर ठेव, दिव्याखाली. चारचौघांना दिसेल.”

“नको, बाबा. दुकानात ते अंधुक कोपऱ्यात होते. याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न करते आणि याला पोसते. एकदम प्रखर उजेड दिला, तर ते शेवाळच जाते आणि हे पांढरे पडते.”

म्हणून त्याला खाली वाळूवर जागा मिळाली. पाणी असे, की देठ डुलावेत पण वाकू नयेत. शेजारही पाहावा लागला. पलीकडचा गॅलेक्सिया दिवसा सोज्ज्वळ दिसतो. पण रात्री वीतवीत लांब, डंख करणारे दोरे सोडतो! त्याच्यापासून चांगले हातभर अंतर ठेवले.

मी बराच वेळ त्या वाळूकडे पाहत बसलो. मला आल्या दिवशीच घरातली सर्वांत उत्तम खोली मिळाली होती : माडीवरची, तीन खिडक्यांची. आल्यागेल्यापुढे ‘आमचे बाबा, हेडमास्तर होते’ म्हणून मला उभे करीत. त्या खोलीत दोन महिने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण एवढ्या प्रेमाने दिलेली खोली नको कशी म्हणायची?

“काय बाबा, कसला विचार?” मुलाने विचारले.

“स्वयंपाकघराशेजारची ती लहान खोली रिकामी आहे ना? भांड्यांचा आवाज येतो तिथे.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग काही न बोलता माझी वळकटी आणायला जिना चढू लागला.

“वरची खोली राहू दे,” मी मागून म्हणालो, “पण थोडे दिवस मलाही खालीच ठेव.”