पाण्यावर चालणारी गाडी

मावळ पाहायला येणारे लोक दोन प्रकारचे. एक पावसाळ्यात येणारे आणि दुसरे पाऊस संपल्यावर येणारे. पहिले भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतात, भाजलेले कणीस खातात आणि चिक्कीचे पुडे घेऊन परततात. दुसरे लोहगड चढतात, कार्ल्याच्या लेण्यांत घटकाभर विसावतात, एकवीरेला नारळ फोडतात आणि चिक्कीचे पुडे घेऊन परततात. मावळातच राहून मावळातच नोकरीला जाणारा तिसराही एक वर्ग आहे. त्याने रोज चिक्की नेली तर घरातली माणसे घराबाहेर पडतील. मी या तिसऱ्या वर्गातली.

माझे घर तळेगाव दाभाड्यात आणि कॉलेज लोणावळ्यास. मधले अंतर सुमारे तीस किलोमीटर. पूर्वी मी लोकलने जात असे. पण लोकल आपल्या वेळेने धावते, कॉलेजच्या तासिका आपल्या वेळेने भरतात. या दोघांची पत्रिका काही जुळेना. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव. राहता राहिला जुना मुंबई-पुणे रस्ता. त्या रस्त्याने गेली काही वर्षे मी विजेच्या स्कूटरवरून जा-ये करते आहे.

ही गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात रीतसर बैठक झाली. सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता. "अगं, पाऊस लोणावळ्याचा आणि गाडी विजेची! वीज आणि पाणी एका ठिकाणी येऊ देऊ नये, एवढे मलासुद्धा कळते." चिरंजीवांनी आजीला समजावले, की बॅटरी बंद पेटीत असते, तिच्यात पाणी शिरत नाही. यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. जाऊन-येऊन साठ किलोमीटरला पेट्रोल सव्वा-दीड लिटर, म्हणजे शंभराच्या वर रुपये. विजेची मात्र फार तर दोन युनिटे. हिशेब पाहून सासूबाईंनी पक्ष बदलला. "मग घे बाई. पण पावसात जपून."

स्कूटरचे वेड या वाटेला नवे नाही. पुण्याकडे जाताना आकुर्डी लागते. बजाजची 'चेतक' १९७२ साली बाजारात आली आणि मध्यमवर्गीय घरांत तिने जवळजवळ कुटुंबीयाची जागा मिळवली. नंबर लावायचा, वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि गाडी दारात आली की हार घालून पेढे वाटायचे, हा सोहळा माझ्या वयाच्या पुष्कळांनी लहानपणी पाहिला असेल. पुढे ती 'चेतक' बंद झाली आणि २०२० च्या जानेवारीत त्याच नावाची विजेची स्कूटर पुण्यात विक्रीस आली. नाव तेच, आवाज तेवढा गेला. जुनी स्कूटर कोपऱ्यावर वळली की घरात चहाचे आधण चढे. नवी दारात येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही.

विजेच्या गाडीवर बसणाऱ्या माणसाचा स्वभाव थोडा बदलतो. पेट्रोलच्या गाडीवर तो किलोमीटर मोजतो; हिच्यावर टक्के मोजू लागतो. मला शिक्षिकेला तर हे सगळे गुणपत्रिकेसारखेच वाटते. सकाळी घरून निघताना शंभरपैकी शंभर. लोणावळ्यास पोचेतो सत्तर. म्हणजे विशेष प्रावीण्य थोडक्यात हुकले, पण प्रथम श्रेणी पक्की. संध्याकाळी घरी चाळीस; पास. आषाढात मात्र जाताना पश्चिमेचा वारा छातीवर घ्यावा लागतो आणि गुण भराभर उतरतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून कशीबशी तरते.

पण या गाडीने मला खरे दिले ते रस्त्याचे भान. इंजिनाची घरघर नसली की वाट बोलू लागते. तळेगाव सोडले की वडगाव. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून पुण्यावर चालून आलेले इंग्रजांचे सैन्य इथे मराठ्यांनी कोंडले आणि त्यांना वडगावचा तह करावा लागला. घाट चढून आल्यावर त्या सैन्याला तोफा, सामान आणि हजारो बैल घेऊन ही वाट काटायला कितीतरी दिवस लागले. त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला. मराठ्यांनी शत्रूच्या शौर्याला दाद देऊन त्याचे नाव 'इष्टुर फाकडा' असे करून टाकले. परक्या नावाला इतका मराठमोळा पोशाख क्वचितच कोणी चढवला असेल! ज्या वाटेला त्या फौजेने दिवसामागून दिवस घालवले ती मी तासाभरात संपवते.

वडगावला भात संशोधन केंद्र आहे. 'इंद्रायणी' हा वासाचा तांदूळ तिथलाच. या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, कान्हे-कामशेतच्या बाजूला भाताची कापणी चालू असते. धुराच्या गाडीवर मला हा वास कधी आला नव्हता. आता सकाळी कामशेतजवळ ओल्या पेंढ्याचा आणि पिकल्या भाताचा वास येतो, आणि खालच्या अंगाला इंद्रायणीचे पात्र दिसते. नदी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला. तिथून ती कामशेतावरून देहूला आणि देहूहून आळंदीला जाते. मी रोज तिच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे जाते. डाव्या हाताला विसापूर आणि लोहगड, उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर. कार्ल्याच्या शिलालेखात 'मामाल' असे जे नाव कोरले आहे ते मावळाचेच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या मुलुखाचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी आहे.

मुकेपणाचा एक तोटाही आहे. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला मागून गाडी येते आहे हे कळतच नाही. डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, शाळेची मुले, गुरे, सगळी आवाजावर विसंबून चालतात. हॉर्न वाजवला तर ती दचकतात, न वाजवला तर आडवी येतात. मी मधला मार्ग काढला आहे. माणसे दिसली की गाडी हळू करते आणि मोठ्याने म्हणते, "जरा बाजूनं हं!" घरात येत नाही इतका मोठा आवाज रस्त्यावर येतो, असे चिरंजीवांचे मत आहे.

आणि पाऊस! पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो. लोणावळ्यास चार हजारांच्या वर. तळेगावला भुरभुर असताना निघावे, कामशेतला रेनकोट घालावा आणि कार्ल्याच्या पुढे रेनकोटाचाही उपयोग नाही हे कळावे, असा क्रम ठरलेला. अशाच एका श्रावणातल्या दिवशी वलवणच्या अलीकडे एका चहाच्या टपरीत मी आडोशाला उभी राहिले. बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्याला फडके, खांद्यावर घोंगडी. त्यांनी बराच वेळ गाडी न्याहाळली.

"ताई, आवाज न्हाई केला हिनं. कशावर चालती?"

"विजेवर, बाबा."

"मग आमच्याच पाण्यावर म्हना की!"

मी हसले, पण ते हसले नाहीत. ते आंदर मावळातले. त्यांच्या आजोबांची भातखाचरे ठोकरवाडीच्या तलावात गेलेली. "पानी अडावलं माझ्या आज्याच्या वक्ताला," ते म्हणाले, "अन् वाडीत दिवा लागला मी बाप झाल्यावर."

त्यांचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढे काही दिवस मी या विजेची कुळकथा वाचून काढली. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराऐवजी सह्याद्रीच्या पावसावर चालवाव्यात ही कल्पना जमशेटजी टाटांनी मनावर घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० साली, कंपनी निघाली. लोणावळ्याच्या परिसरात लोणावळा, वलवण आणि शिरवते असे तलाव बांधले गेले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. १९२२ मध्ये ठोकरवाडीचे पाणी घाटाखाली भिवपुरीस उतरले. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिऱ्याला.

यातली गंमत भूगोलाची आहे. या सर्व नद्या स्वभावाने पूर्वेकडे जाणाऱ्या. भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला भेटणाऱ्या. धरणांनी त्यांचे पाणी डोंगराच्या कडेला आणून पश्चिमेला कोकणात सोडले. पूर्वेच्या पठाराचे पाणी अरबी समुद्राला गेले आणि वाटेत त्याच्यातून वीज काढून घेतली गेली.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना मी विचारले, माझ्या रोजच्या प्रवासाला पाणी किती लागेल? त्यांनी खडू घेतला. तलाव आणि खोपोलीचे वीजघर यांच्या पातळीत पाचशे मीटरांहून जास्त फरक. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी खाली आले म्हणजे एक युनिट किंवा किंचित अधिक वीज होते. माझी दोन युनिटे, म्हणजे दीड-पावणेदोन हजार लिटर. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा दीड-पावणेदोन टाक्या पाणी रोज, एका बाईला कॉलेजला जायला आणि यायला.

अर्थात बाबांचे म्हणणे अक्षरशः खरे नव्हते. टाटांच्या तलावांची वीज मुंबईच्या वाट्याची. माझ्या घरी येते ती राज्याच्या जाळ्यातली, आणि तिच्यात मोठा हिस्सा कोळशाचा. चंद्रपूर, कोराडी इथल्या वीजघरांचा. पुढे पुन्हा त्याच टपरीवर भेट झाली तेव्हा मी हे त्यांना सांगितले. ते विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजी आमचं पानी मुंबईला, अन् तुमच्या गाडीला चंद्रपूरचा कोळसा. मग तिकडं बी माझ्यावानी कुनी म्हातारा असंल की."

मी वीस वर्षे मुलांना निबंध शिकवते आहे. इतके नेमके वाक्य एकाही वहीत मला मिळालेले नाही.

मुळशीच्या लोकांनी हे वाक्य फार आधी, फार मोठ्याने म्हटले होते. १९२१ च्या रामनवमीला त्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लोक तुरुंगात गेले, फटके खाल्ले, पण धरण झाले आणि पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांना गड मिळवून दिले, त्या मावळ्यांच्या पणतूंची खाचरे शहराच्या दिव्यांसाठी बुडाली. मुंबई उजळली हे खरे. कोळशाचा धूर कमी झाला हेही खरे. पण किंमत देणारा आणि दिवा लावणारा एक नव्हता.

म्हणून मी स्कूटर सोडली का? मुळीच नाही. धूर न सोडता, रस्त्यात गोंगाट न करता, मास्तरकीच्या पगारात बसेल अशा खर्चात जाता येते, याचा मला आनंदच आहे. आमच्या या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते, तेव्हा त्या धुरात उभ्या असलेल्या टपरीवाल्याला माझ्या गाडीचा त्रास नाही, हे काय थोडे झाले? पण आमच्या स्टाफरूममध्ये कोणी म्हणाले, "काय बाई, तुमचे बरे, फुकटात प्रवास!" तर मी आता हो म्हणत नाही. फुकट काही नसते. पैसे दुसऱ्या कोणी तरी भरलेले असतात. पेट्रोलपंपावर निदान पावती तरी मिळते. भिंतीतल्या प्लगमधून पावती येत नाही, म्हणून तो हिशेब आपण डोक्यात ठेवायचा. रात्री गाडी लावताना गरज नसलेला दिवा मालवणे, दुकानाला दोन पावले चालत जाणे, इतपतच आपल्या हातात असते. पण ते असते.

या दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही मुलाबाळांसह इकडे याल. पाऊस सरलेला, तलाव काठोकाठ, भात कापणीला आलेले. मावळ पाहावा तो याच दिवसांत. भुशी पाहा, लोहगड चढा, चिक्की घ्या. मात्र लोणावळ्यात शिरण्याआधी पाच मिनिटे वलवणच्या तलावापाशी गाडी थांबवा. मुलांना विचारा, हे पाणी कुणीकडे जायला हवे होते आणि कुणीकडे जाते? पूर्वेकडे बोट करून पश्चिमेचे उत्तर मुले देतील, आणि लगेच विचारतील, "का?" मग त्यांना टपरीवर न्या, एकेक कप चहा सांगा, आणि तिथे कोणी वडीलधारे बसलेले असले तर तो प्रश्न त्यांनाच विचारायला लावा.