डफरिन यांची नौका, टिळकांची कोठडी आणि उत्तरेचे हिमसागर

१/ सानगडी हे भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातले किल्ल्याचे गाव. अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. जूनमधील सर्वांत मोठा दिवसही येथे साडेतेरा तासांच्या आत आटोपतो. तांबडे फुटले की तासाभरात सूर्य वर येतो. पहाट किती काळ चालते, असा प्रश्न येथे कोणाला पडण्याचे कारण नाही. याच प्रश्नाने मात्र एका मराठी माणसाला तुरुंगातून थेट उत्तर ध्रुवापर्यंत नेले. हा थ्रेड त्या मानसिक प्रवासाचा, आणि त्याच समुद्रांत त्यापूर्वी निघालेल्या एका हौशी जलसफरीचा.

२/ सफरीच्या नायकाचे नाव विदर्भाला अपरिचित नाही. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोक आजही 'डफरीन' म्हणूनच ओळखतात. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या पत्नीने १८८५ साली भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी जो निधी उभारला, त्यातून हे नाव देशभर पसरले. परंतु डफरिन यांची पहिली कीर्ती राजकारणातली नव्हती. ती बर्फाळ समुद्रातून आलेली होती.

३/ १८५६ चा जून. डफरिन वयाची तिशी गाठत होते. 'फोम' नावाची सुमारे ८० टनांची शिडाची नौका घेऊन ते स्कॉटलंडहून उत्तरेकडे निघाले. व्यापार नव्हता, सरकारी मोहीम नव्हती. आइसलँड, यान मायेन आणि स्पिट्सबर्गेन ही बेटे पाहायची, एवढाच बेत होता. त्या काळी त्या पाण्यात देवमासे आणि सील मारणारे खलाशी पोटासाठी जात. केवळ पाहण्यासाठी जाणारे फारच विरळ.

४/ आइसलँडमध्ये त्यांची गाठ फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा चुलतभाऊ प्रिन्स नेपोलियन याच्याशी पडली. त्याची वाफेवर चालणारी युद्धनौका उत्तरेकडेच निघाली होती. तिने 'फोम'ला दोर बांधून आपल्यामागे ओढून नेले. पुढे बर्फ आडवा आला, कोळसा पुरेना, आणि फ्रेंच नौका माघारी वळली. डफरिन यांनी दोर सोडवला आणि केवळ शिडांच्या भरवशावर पुढे जाण्याचे ठरवले.

५/ यान मायेनजवळ दाट धुके होते. बेट समोर असूनही दिसत नव्हते. मग ढग फाटले आणि बेरेनबर्ग या ज्वालामुखीचे हिमशिखर आकाशात प्रकटले. उंची २,२७७ मीटर. कळसूबाईहून सहाशे मीटरने उंच, आणि पायथा थेट समुद्रात. आज जहाजाच्या कठड्याशी उभे राहून हिमशिखरांची छायाचित्रे घेणाऱ्या पर्यटकांच्या परंपरेत डफरिन यांचे हे दर्शन फार आधीचे आहे.

६/ या प्रवासातील सर्वांत विलक्षण पात्र मात्र एक कोंबडा होते. स्कॉटलंडमधील स्टॉर्नोवे बंदरात तो नौकेवर घेतला गेला. उत्तरेकडे जाता जाता रात्री लहान होत गेल्या, पुढे नाहीशाच झाल्या. आरवावे कधी, हे त्याला कळेना. तो बेचैन झाला, मग उदास झाला, आणि अखेर समुद्रात उडी घेऊन बुडाला. डफरिन यांनी हे विनोदाने लिहिले आहे. पण उगवतीचा क्षणच नाहीसा झाला तर जिवाचे काय होते, हे त्याहून नेमके सांगणे अवघड.

७/ ६ ऑगस्ट १८५६ रोजी, ११ दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर, 'फोम'ने स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'इंग्लिश बे' मध्ये नांगर टाकला. मध्यरात्र उलटून गेली होती आणि उजेड होता. भोवती हिमनद्या आणि विलक्षण शांतता. किनाऱ्यावर त्यांना एक उघडी पडलेली शवपेटी आढळली. त्यावरील क्रुसावर १७५८ साली वारलेल्या माणसाचे नाव होते. जे पाणी एकाला रमणीय दिसले, तेथेच शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याचा शेवट झाला होता.

८/ आईला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात हा वृत्तान्त १८५७ साली पुस्तकरूपाने आला आणि अफाट लोकप्रिय झाला. डफरिन इंग्लंडभर प्रसिद्धीस आले. १८८४ साली ते भारताचे व्हाइसरॉय झाले. त्यांच्याच कारकिर्दीत डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १८८८ साली निरोपाच्या सुमारास, कोलकात्यातील भाषणात, त्यांनी राजकीय हक्क मागणाऱ्या सुशिक्षितांची संभावना सूक्ष्मदर्शकानेच दिसतील इतके अल्पसंख्य अशी केली.

९/ त्या अल्पसंख्यांपैकी एक होते बाळ गंगाधर टिळक. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. म्हणजे रत्नागिरीत हे मूल जन्मले, तेव्हा 'फोम' उत्तरेच्या समुद्रातच होती.

१०/ पुढच्या चाळीस वर्षांत उत्तरेची वाट रुळली. १८९६ साली नॉर्वेतील एका आगबोट कंपनीने स्पिट्सबर्गेनची पर्यटक फेरी सुरू केली आणि तेथे एक छोटे हॉटेलही उभारले. ११ जुलै १८९७ रोजी त्याच बेटांवरून स्वीडिश संशोधक आंद्रे बलूनमधून ध्रुवाकडे उडाले आणि परतले नाहीत. त्यानंतर १६ दिवसांनी, २७ जुलैला, मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. शिक्षा दीड वर्षाच्या सक्तमजुरीची.

११/ तुरुंगात मॅक्समुल्लर यांनी त्यांना ऋग्वेदाची आपली दुसरी आवृत्ती पाठवली. रात्री काही तास दिवा मिळण्याची परवानगीही मिळाली. दिवसाचे श्रम संपल्यावर त्या उजेडात टिळक उषेची सूक्ते वाचत होते. मॅक्समुल्लर आदी विद्वानांच्या विनंतीनंतर सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली.

१२/ त्यांचा प्रश्न साधा होता. वेदांतील कवी पहाट लवकर सरावी म्हणून इतके व्याकूळ का? सूर्योदयापूर्वी अनेक दिवस लोटल्याचे उल्लेख का? तैत्तिरीय संहितेत उषा तीस भगिनी का? देवांचा दिवस सहा महिन्यांचा का? सानगडीच्या अक्षांशावर यांतले काहीच अनुभवाला येत नाही. ध्रुवावर मात्र सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि त्यापूर्वीचा संधिप्रकाश कित्येक आठवडे क्षितिजावर फिरत राहतो.

१३/ यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला: वैदिक आर्यांचे मूळस्थान ध्रुवप्रदेशात होते आणि इसवी सनापूर्वी सुमारे ८००० ते १०००० वर्षांच्या काळात हिमयुगाने ते उद्ध्वस्त केले. 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन विद्वान वॉरेन यांनी १८८५ साली मानवजातीचे मूळ ध्रुवावर असल्याचे लिहिले होते. टिळकांनी त्यांचा आधार घेतला, पण वैदिक पुराव्याची उभारणी स्वतः केली.

१४/ सिद्धान्त टिकला का? नाही. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली त्याच्या उलट, सप्तसिंधूच मूळभूमी, असे प्रतिपादन केले. अखेरच्या हिमयुगापूर्वी ध्रुवाजवळ मानववस्तीला पोषक सौम्य हवामान होते, हे टिळकांचे गृहीतक पुढील भूविज्ञानाने मोडीत काढले. अनेक उषा म्हणजे रोज येणाऱ्या पहाटांची मालिका, असा अर्थही शक्य आहे. आर्यभाषकांच्या मूळस्थानाविषयी आजही वाद आहेत, पण त्या वादात ध्रुव उरलेला नाही.

१५/ तरीही समाजमाध्यमांवर हा ग्रंथ कधी 'सिद्ध झालेले सत्य' म्हणून फिरतो, तर कधी चेष्टेचा विषय होतो. दोन्ही पक्षांकडून तो बहुधा न वाचताच राहतो. टिळकांनी आपले पुरावे, आधार आणि अनुमाने उघडपणे मांडली, म्हणूनच पुढच्यांना ती खोडता आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यायचे ते निष्कर्ष नव्हेत, ही रीत.

१६/ ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला. स्पिट्सबर्गेनसह तो द्वीपसमूह नॉर्वेकडे गेला आणि करारातील देशांच्या नागरिकांना तेथे समान हक्क मिळाले. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्यात होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक निवर्तले. ज्या उत्तरेला ते कधी गेले नाहीत, तिच्यावर त्यांच्या देशबांधवांचा कायदेशीर हक्क लागू होण्याची वाट तेव्हा मोकळी झाली होती.

१७/ हा हक्क प्रत्यक्षात यायला बराच काळ जावा लागला. १ जुलै २००८ रोजी स्पिट्सबर्गेनवरील न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथून चालतो. ज्या इंग्लिश बेमध्ये डफरिन यांनी नांगर टाकला, तो तेथून जवळच, एका द्वीपकल्पाच्या पलीकडे. २३ जुलै २०१४ रोजी, योगायोगाने टिळकांच्या जन्मदिनीच, तेथील कोंग्सफ्योर्डच्या तळाशी सुमारे १९२ मीटर खोल 'इंडआर्क' ही भारतीय वेधशाळा बसवली गेली. पाण्याचे तापमान आणि क्षारता ती सतत मोजते.

१८/ कारण त्या फ्योर्डमधले हिवाळी बर्फ या शतकात झपाट्याने घटले आहे. पर्यटकांच्या जहाजांना वाट अधिक मोकळी झाली, हे त्याचेच एक रूप. आर्क्टिकमधील बदल आणि भारतीय मान्सून यांचा संबंध कसा व किती, हा या संशोधनामागील एक मुख्य प्रश्न आहे.

१९/ भंडाऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्न परका नाही. हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. ते पावसावर भरतात आणि धान त्यांच्यावर तगते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली तलवार बदके त्यांच्यावर उतरतात. उत्तरेशी या भूमीचे नाते पुस्तकाहून जुने आहे.

२०/ डफरिन त्या समुद्रात गेले, कारण त्यांना जाणे शक्य होते. पाहिलेले त्यांनी सुंदर लिहिले, आणि पुढे ज्यांच्यावर राज्य केले त्यांना ओळखण्यात ते चुकले. टिळकांना कोठडीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. त्यांनी न पाहिलेल्या पहाटेविषयी नेमका प्रश्न विचारला आणि उत्तरात चुकले. आज त्याच किनाऱ्यावर भारतीय उपकरण पाण्याचे अंश टिपते आहे. त्यातून निघणारे उत्तर मात्र सानगडीच्या शेतकऱ्यापर्यंत, त्याच्या भाषेत, पोहोचायला हवे.