नांगीची पकड

आषाढात मुळशीच्या भातखाचरांतून पाणी खळखळू लागले, की रात्री टेंभे घेऊन खेकडे धरावयास जाण्याचा आमच्याकडे प्रघात होता; आणि बिळात घातलेल्या बोटावर नांगी एकदा मिटली, म्हणजे ओढून, आपटून, शिव्या देऊनही ती सुटत नाही, हे ज्ञान मला शाळेत नाव घालण्यापूर्वीच प्राप्त झाले होते. पुढे किरणोत्सारी औषधांच्या ज्या विद्येत माझे आयुष्य गेले, तिच्यातील ‘कीलेट’, म्हणजे धातूस धरून ठेवणारा रेणू, या संज्ञेचे मूळ ग्रीक भाषेतील नांगीवाचक शब्दात आहे, आणि ज्या व्याधीशी तिची झुंज, तिलाही आपण कर्काचे, म्हणजे खेकड्याचेच, नाव दिले आहे, याचे मला अद्यापि कौतुक वाटते.

विशिष्ट पेशीवरील विशिष्ट खूण ओळखून तेथेच चिकटणे हा प्रतिपिंडांचा धर्म. एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी उत्पन्न करण्याची युक्ती कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली दाखविली, आणि प्रतिपिंडांच्या पाठीवर किरणोत्सारी समस्थानिक लादून त्याची रवानगी थेट अर्बुदाकडे करावी, या जुन्या कल्पनेस बळ आले. २००२ साली अमेरिकेत इट्रियम-९० वाहणाऱ्या अशा औषधास परवानगीही मिळाली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत त्याच कामाचा ल्युटेशियम-१७७ हा धातू तयार होतो. त्याचे बीटा कण ऊतीत फार तर दोन मिलिमीटर जातात, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव बेताचा.

लोक स्तुती करतात ती किरणांची, नाहीतर प्रतिपिंडांची. माझ्या मते श्रेय नांगीचे आहे. धातूचे प्रतिपिंडासारख्या प्रथिनाशी मुळात नाते नाही, म्हणून ‘डोटा’ नावाचे रेणूचे कडे प्रथिनास आधी जोडावे लागते, आणि ते आपल्या नत्र व प्राणवायूच्या भुजांनी धातूस कवटाळते. परंतु या कड्यास धातू धरण्यासाठी आच हवी. लहान रेणूंच्या बाबतीत पाणी उकळीच्या बेतास आणून काम उरकते. प्रतिपिंड त्या उष्णतेने अंड्यातील पांढऱ्याप्रमाणे शिजून जाईल. तेव्हा देहाच्या उबेइतक्याच उबेत, किंचित आम्ल द्रावणात, धीर धरून बसावयाचे, आणि धातूचे अर्धायुष्य तर अवघे ६.६५ दिवसांचे!

शेवटी कागदाच्या पट्टीवर थेंब ठेवून ती द्रावणात उभी करतात. सुटा धातू द्रावणाबरोबर वर चढतो, प्रतिपिंडाने धरलेला थेंबाच्या जागीच राहतो. सुटे ल्युटेशियम हाडांत जाऊन बसते व मज्जेस भाजते, म्हणून ही परीक्षा टाळून कुपी कधीही पुढे जात नाही. उमेदवारीच्या दिवसांत एकदा मी घाईने पोलादी सुई वापरली. तिच्यातून उतरलेल्या लोहाच्या अंशाने कड्यांत आधीच ठाण मांडले, आणि पट्टीचे वरचे टोक मोजणीयंत्राखाली खडखडू लागले. नोंदवहीत ‘रद्द’ असा शेरा मारून कुपी शिशाच्या पात्रात ठेवून दिली. सोमवारी आलेला माल पुढच्या सोमवारी निम्म्याहूनही कमी उरला होता, आणि दाखल झालेल्या रुग्णास पुढील खेपेची तारीख देण्यात आली.