पंचवीसच्या वेगानं खंडाळा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाला खंडाळा दिसतच नाही. सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडला की त्याचा जीव खंबाटकीत अडकलेला असतो. घाटात कोंडी आहे का, ट्रक बंद पडलाय का, एवढीच त्याची चौकशी. घाट चढून पलीकडे वेळ्याला उतरला की मनानं तो वाईत किंवा कासच्या फुलांत पोचलेला असतो. मधला आमचा तालुका गाडीच्या काचेपलीकडून नुसता निघून जातो. नाव सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा खंडाळा येतो, आणि त्याला साताऱ्याच्या उत्तर टोकाकडे आणावं लागतं.

हा तालुका ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगानं बघावा, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे अडीचशे वॉटपर्यंतच्या आणि पंचवीसच्या आत धावणाऱ्या विजेच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. माझी गाडी त्याहून दमदार आहे, नोंदणीची आहे. पण हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागले की मी काटा पंचवीसच्या वर जाऊ देत नाही. त्या वेगात बांधावरच्या बाईचा चेहरा दिसतो. तिनं हात केला तर उलट हात करायला सवड मिळते.

परळला सगळा संसार केलेली माझी आत्या आली होती, तिला नायगावला जायचं होतं. गुडघ्यांमुळे चालणं होत नाही, आणि मोटारीत तिचा जीव घुसमटतो. तिला मागं बसवलं आणि निघाले. थोडं पुढे गेल्यावर तिनं खांद्यावर थाप मारली. "अगं, गाडी चालू तरी हाय का? आवाजच न्हाई हिला!" मग तीही गप्प झाली आणि रस्त्याचे आवाज आमच्यापर्यंत पोचू लागले. पाटातलं पाणी. विहिरीवरच्या मोटारीची घरघर. कुठल्या तरी गोठ्यात चरवीत पडणारी धार. "थांब जरा," आत्या म्हणाली, "टिटवी वरडतीया. अंडी असतील हितंच." थांबलो. इंजिन बंद करायचं नव्हतं की पुन्हा सुरू करायचं नव्हतं. मूठ सोडली, थांबलो, पिळली, निघालो.

त्यानंतर आत्याच सांगू लागली. "हितं ओढा आडवा यायचा. त्या बांधानं आम्ही खुरपायला जायचो. कालवा कुठला तवा! दोन पावसांवर बाजरी, न्हाईतर मुंबई." खंडाळ्यातल्या कितीतरी घरांचा इतिहास तिनं त्या शेवटच्या दोन शब्दांत सांगितला. धोम-बलकवडी आणि नीरा-देवघरच्या कालव्यांआधीचा हा तालुका म्हणजे आभाळाकडे डोळे लावून बसलेली जमीन. आता तिथेच ऊस उभा आहे, लोणंदच्या बाजाराला जाणारा कांदा आहे, आणि शिरवळला कारखान्यांच्या पाळ्या सुटताना मोटारसायकलींची रांग लागते. हे कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेलं नाही. ज्यांच्या अंगावरून गेलं, त्यांच्याकडूनच ते ऐकायला मिळतं, आणि त्यांचं बोलणं ऐकू यायला गाडी गप्प हवी.

नायगावला ३ जानेवारीला माणसांचा पूर लोटतो. एरवीच्या दिवशी तिथे शांतता असते. १८३१ साली त्याच तारखेला याच गावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८४० मध्ये लग्न होऊन त्या इथून गेल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या. लग्नापासून शाळेपर्यंत आठ वर्षं. नीट उभ्या केलेल्या त्या जुन्या घराच्या उंबऱ्याशी आत्या बराच वेळ थांबली. "हिच्यामुळं मी चौथीपातूर तरी गेले," एवढंच म्हणाली.

विजेच्या गाडीवरून हळूहळू गाव बघत हिंडायच्या अशा फेऱ्यांचा जगात मोठा गाजावाजा झाला तो सेगवेमुळे. २००१ च्या डिसेंबरात डीन केमन यांनी ती दोन चाकांची, उभं राहून चालवायची गाडी जगापुढे आणली. पुढे झुकलं की ती पुढे जाते, मागे झुकलं की थांबते. ऑफिसला जाण्यासाठी ती फारशी कुणी घेतली नाही, पण अनेक शहरांत वाटाड्यामागून रांगेनं निघालेले प्रवासी तिच्यावर दिसू लागले. प्रागमध्ये तर त्यांचा इतका उच्छाद झाला की २०१६ मध्ये जुन्या शहरात सेगवेला बंदीच घातली गेली. तिची निर्मितीही २०२० मध्ये थांबली. आपल्याला याहून जवळचं आणि मोलाचं उदाहरण माथेरानचं वाटतं. मोटारींना मज्जाव असलेल्या त्या डोंगरावर माणसं माणसांना हातरिक्षात बसवून तांबड्या मातीच्या चढावरून ओढत. हातरिक्षावाल्यांच्या लढ्यातून, सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं, २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं ही ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत संपवा, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच द्या, असं सांगितलं. त्यासाठी गुजरातेतल्या केवडियाचा दाखला दिला. केवडियात सरदार पटेलांच्या पुतळ्याभोवती प्रवाशांना फिरवणाऱ्या ई-रिक्षा तिथल्या स्थानिक बायका चालवतात.

हे वाचल्यापासून मला नायगावची अशीच एक फेरी सुचत राहते. गाडी विजेची आहे यापेक्षा तिची मूठ कुणाच्या हातात आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

फेरी कशी असावी, तेही मनात आहे. सुरुवात शिरवळला. तिथली यादवकाळातली दगडी पाणपोई आधी दाखवावी. वाटसरूंसाठी कुणी तरी एवढा दगड घडवला, हे बघून पुढचं सगळं नीट कळतं. मग नीरेकाठी सुभानमंगळ. हा भुईकोट आता थोड्याशा अवशेषांपुरता उरलाय, पण १६४८ मध्ये शिवरायांच्या माणसांनी तो आदिलशाही फौजेकडून परत जिंकला होता. तिथून आतल्या रस्त्यांनी नायगाव. खंबाटकी या फेरीत घेऊ नये. खामजाईच्या देवळाशी थांबायला मलाही आवडतं, पण ट्रकांच्या रांगेत छोट्या गाड्या घालणं हा वेडेपणा आहे. शिवाय घाटाची वाहतूक एकेरी, परत यायचं बोगद्यातून. न वाजणाऱ्या गाडीला गावातही जपून चालवावं लागतं. पाठमोऱ्या म्हाताऱ्याला ती ऐकू येत नाही, म्हणून लांबूनच हलका हॉर्न द्यावा आणि हळू व्हावं.

नायगावात आत्या चहा घेत होती तेवढ्या वेळात एका घरच्या ओसरीवर मी गाडी चार्जिंगला लावली होती. घरच्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. शिरवळच्या पाणपोईची रीतच त्यांनी चालवली, असं मला वाटलं. ती वीज सगळी निर्मळ असते असं नाही. कोयनेचं पाणी, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि विदर्भातला कोळसा त्या एकाच प्लगमधून मिसळून येतो. तरीही त्या ओसरीत धूर नव्हता, आणि आत अभ्यासाला बसलेल्या मुलीला आमच्या गाडीचा त्रास नव्हता.

अशाच मुलींनी ही फेरी चालवावी. शिरवळ, लोणंद, नायगावच्या ज्या मुली बारावी होऊन घरी बसल्या आहेत, त्यांना चार गाड्या, गाडी चालवण्याचं शिक्षण आणि तालुक्याच्या इतिहासाची नीट तयारी द्यायला फार मोठी योजना लागत नाही. बचत गट आहेत, ग्रामपंचायती आहेत, शिरवळला कारखाने आहेत. त्यांनी पुढच्या ३ जानेवारीच्या आत एवढं करावं. आणि साताऱ्याकडे निघालेल्या वाचकांनो, त्या मुली शिरवळच्या स्टँडवर उभ्या राहतील तेव्हा गाडी बाजूला घ्या, अर्धा दिवस त्यांना द्या, आणि त्या सांगतील ते ऐका.